अर्ध्या लिटरच्या सिलिंडरवर छापलेली 'दहा मिनिटे': तक्रार आणि मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डायव्हिंगसाठीच्या ०.५ लिटर राखीव हवेच्या सिलिंडरची दिशाभूल करणारी जाहिरात, सदोष प्रेशर गेज आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ: माझी ऑर्डर व आपल्या प्रतिनिधीचे ईमेल उत्तर (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय/महोदया,

मी मालवणला स्कूबा डायव्हिंगची गाइड म्हणून काम करते. शिकाऊ डायव्हरना घेऊन पाण्याखाली जाणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. आपल्या संकेतस्थळावरून मी राखीव हवेचा छोटा सिलिंडर मागवला. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'पाण्याखाली १० मिनिटे श्वास' असे छापले आहे. हा दावा धोकादायक आहे. शिवाय मला मिळालेल्या सिलिंडरचे गेज चुकीचा आकडा दाखवते.

आधी गेजबद्दल. आमच्या सेंटरच्या कॉम्प्रेसरवर मी सिलिंडर भरला, पूर्ण गार होऊ दिला आणि मग तपासून घेतलेल्या गेजला लावला. आपल्या सिलिंडरवरचा काटा २०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) रेघेवर होता, सेंटरच्या गेजवर १६० दिसत होते. खात्री करण्यासाठी दुसऱ्या गेजवर मोजले, तेवढेच आले. थोडी हवा सोडली तरी आपला काटा जागचा हलेना. काचेवर टिचकी मारल्यावर तो एकदम खाली उतरला. पाण्याखाली काचेवर टिचक्या मारून हवा किती उरली हे पाहायचे का? या सगळ्याचा व्हिडिओ मी आपल्या प्रतिनिधीला पाठवला होता. 'परत करण्याची मुदत संपली आहे आणि उत्पादन योग्य स्थितीत आहे,' एवढेच उत्तर आले. व्हिडिओ कोणी उघडून पाहिला असेल असे त्या उत्तरावरून वाटत नाही.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. अर्धा लिटर गुणिले २०० बार, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर पृष्ठभागावरच्या मापाने १०० लिटर हवा. मिनिटाला दहा लिटर धरले की दहा मिनिटे येतात. हा हिशेब किनाऱ्यावर निवांत बसलेल्या माणसाचा आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब साधारण एक बार असतो आणि पाण्यात दर दहा मीटरला तो साधारण एका बारने वाढतो. अठरा मीटरवर तो २.८ बार असतो, म्हणजे तिथल्या प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट हवा लागते. त्यात मुख्य रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोग्या दाबाने तोंडाशी देणारे साधन) बिघडलेला, जोडीदार दिसत नाही, अशा वेळी कोणीही मिनिटाला दहा लिटरवर श्वास घेत नाही. तीस लिटर हा आकडासुद्धा शांत डोक्याच्या डायव्हरचा झाला. तोच धरला तर अठरा मीटरवर मिनिटाला ८४ लिटर हवा जाते आणि आपला सिलिंडर सव्वा मिनिटाच्या आतच संपतो.

एक क्षणही न दवडता वर निघाले असे धरू. मिनिटाला नऊ मीटर या सुरक्षित गतीने अठरा मीटर चढायला दोन मिनिटे लागतात आणि वाटेत दाब उतरत जात असल्याने सरासरी १.९ बार धरला तरी त्यासाठी सुमारे ११४ लिटर हवा हवी. शंभर लिटर त्यालाही पुरत नाही. माझ्या सिलिंडरमध्ये १६० बारच्या हिशेबाने प्रत्यक्षात ऐंशीच लिटर होती. म्हणजे सात मीटर पाणी डोक्यावर असताना ती संपली असती, आणि गेजवर विसंबलेल्या माणसाला हे आधी कळलेही नसते. पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना सुरक्षिततेसाठी घ्यायचा थांबा) मी या हिशेबात धरलेलाच नाही.

ही वस्तूच निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही, हे मुद्दाम लिहिते. आठ-दहा मीटरच्या डाइव्हमध्ये पूर्ण भरलेला आणि नीट चालणारा असा सिलिंडर डायव्हरला वर आणू शकतो. आमच्याकडे त्याची गरजही आहे. लाटा वाढल्या की मालवणचे पाणी गढूळ होते, हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो. नियमाप्रमाणे अडचणीत जोडीदाराची हवा घ्यायची. पण गाइडचा जोडीदार बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली आलेला असतो. त्याच्या भरवशावर मी राहू शकत नाही, उलट माझा ऑक्टोपस (दुसऱ्याला हवा देण्यासाठीचा जादा रेग्युलेटर) मला त्याच्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. म्हणूनच मुख्य सिलिंडरपासून पूर्ण स्वतंत्र असा हवेचा साठा मी मागवला. जास्त खोलीवर जाणारे डायव्हर यासाठी दोन-तीन लिटरचा पोनी सिलिंडर (मुख्य सिलिंडरखेरीजचा छोटा जादा सिलिंडर) बांधतात. तीन लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ६०० लिटर हवा मावते. हा फरक आपल्या माहितीपत्रकात कुठेच नाही.

सर्वात जास्त चीड मला आपल्या जाहिरातीतल्या त्या वाक्याची येते: 'प्रशिक्षणाची गरज नाही, कोणीही वापरू शकतो.' सोबतच्या चित्रात शाळकरी वयाचा मुलगा हा सिलिंडर तोंडात धरून खडकांजवळ पोहतो आहे. पाण्याखाली दाबाची हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर ती हवा फुप्फुसात फुगते. फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी फार खोल जावे लागत नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. श्वास कधीही रोखायचा नाही, हा आमच्याकडचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. आपल्या पुस्तिकेत हे वाक्य एकदाही आलेले नाही. किनाऱ्यावरची पोहण्यात तरबेज पोरे असली वस्तू हौसेने घेतील, आणि दम धरून वर येणे हीच तर त्यांची लहानपणापासूनची सवय.

पुस्तिकेत सिलिंडर 'कोणत्याही कॉम्प्रेसरवर' भरा असेही लिहिले आहे. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा दाब २०० बारच्या आसपासही जात नाही आणि त्याच्या हवेत तेलाचा अंश असतो. श्वासासाठीची हवा गाळलेली आणि कोरडी असावी लागते. सोबतच्या हातपंपाला आर्द्रता शोषणारा फिल्टर नाही. ओलावा आत साचला की धातूला गंज चढतो. सिलिंडरवर चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख कोरलेली मला सापडली नाही. चाचणी झाली असेल, तर तिचे प्रमाणपत्र पाठवावे.

माझी मागणी अशी. सिलिंडरची पूर्ण रक्कम वाहतूक खर्चासह परत करावी. खोक्यावरून व संकेतस्थळावरून 'दहा मिनिटे' आणि 'प्रशिक्षणाची गरज नाही' ही दोन्ही विधाने काढून त्या जागी किती खोलीवर किती हवा पुरेल याचा तक्ता द्यावा. श्वास न रोखण्याची सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सिलिंडरवरच चिकटवावी. ज्यांनी हे मॉडेल आधीच घेतले आहे, त्यांना गेज तपासून घेण्यास लेखी कळवावे. माझे पैसे उशिरा आले तरी चालेल. त्या ग्राहकांना याच आठवड्यात कळवा.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या तक्रारीची पोच मला मिळालेली नाही. या पत्राला मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सिलिंडर, खोके आणि पुस्तिका मी जशीच्या तशी जपून ठेवली आहेत. आपल्या तंत्रज्ञाला मालवणला येऊन गेज माझ्यासमोर तपासायचे असेल, तर आमच्या सेंटरचा कॉम्प्रेसर आणि गेज उपलब्ध करून देईन.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)
मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत: पावती, आपल्या प्रतिनिधीचे ईमेल, गेजचा व्हिडिओ, खोक्याची व जाहिरातीची छायाचित्रे.