रॅमची पुढची पिढी आणि विजेचा हिशेब

मा. संपादक,
स. न.

संगणकाच्या रॅमची नवी पिढी बाजारात आली की तिच्या जाहिरातीत दोन दावे हमखास असतात : वेग वाढला आणि वीज कमी लागते. पहिला दावा बव्हंशी खरा असतो. दुसरा मात्र जरा बारकाईने तपासायला हवा, कारण पुढच्या पिढीची मानके का रखडतात याचे उत्तरही बऱ्याच अंशी त्यातच आहे.

ही मानके ‘जेडेक’ ही उद्योगसंस्था ठरवते. संगणकातील रॅमच्या पिढ्या ‘डीडीआर’ या नावापुढे क्रमांक लावून ओळखल्या जातात. डीडीआर-३चे मानक २००७ मध्ये आले, डीडीआर-४चे २०१२ मध्ये. डीडीआर-५ हे २०१८ मध्ये पूर्ण होईल, असे २०१७ मध्ये सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते वापरणारे घरगुती संगणकांचे पहिले प्रोसेसर त्यानंतरही सव्वा वर्षाने विक्रीस आले. या दिरंगाईबद्दल कंपन्यांना दोष देणे सोपे आहे, पण मला तो रास्त वाटत नाही.

मूळ डीडीआर २.५ व्होल्टवर चालत असे. पुढच्या पिढ्यांत हा आकडा १.८, १.५, १.२ असा उतरत डीडीआर-५मध्ये १.१वर आला. चिपमधील घडामोडींना लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे बाकी सारे तेच राहिले तर पहिल्या टप्प्यात जवळजवळ निम्मी बचत होते आणि शेवटच्या टप्प्यात जेमतेम १६ टक्के. त्यातही बाकी सारे तेच राहत नाहीच. डीडीआर-४च्या मानकातला सेकंदाला ३२०० मेगाट्रान्सफरचा (एका मेगाट्रान्सफरमध्ये माहितीची दहा लाख हस्तांतरे) कमाल वेग डीडीआर-५च्या पहिल्याच आवृत्तीत ६४००पर्यंत गेला. प्रत्येक बिटमागे बचत झाली तरी बिटांची वर्दळ दुप्पट झाली, तर एकूण खर्च कमी होईलच असे नाही.

व्होल्टेज आणखी का उतरत नाही? एक ट्रान्झिस्टर (विजेचा सूक्ष्म स्विच) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) एवढ्यावर एक बिट साठवणाऱ्या डीरॅमचे, म्हणजे ज्या प्रकारच्या चिपवर ही रॅम बनते तिचे, पेटंट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले तर चिपच्या तेवढ्याच जागेत खर्च होणारी वीज वाढत नाही, हा नियमही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला. तो सुमारे तीस वर्षे उपयोगी पडला. पुढे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणारा प्रवाह आडवा आला. डीरॅमला तर ही गळती मुळीच परवडत नाही. तिचा प्रत्येक कपॅसिटर गळका रांजणच असतो आणि तो सतत भरत राहावा लागतो : डीडीआर-४मध्ये सर्वसाधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत, डीडीआर-५मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत, आणि चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर त्याच्याही निम्म्या वेळात. संगणक नुसता चालू ठेवला तरी हा खर्च चुकत नाही. ट्रान्झिस्टर नीट उघडावा म्हणून डीडीआर-५च्या चिपला १.१ खेरीज १.८ व्होल्टचाही पुरवठा लागतो. जाहिरातीत मात्र १.१चाच डंका वाजतो.

सरळ मार्ग असा संपत आल्यावर उरतात त्या आडवाटा. डीडीआर-५मध्ये व्होल्टेजचे नियमन मदरबोर्डवरून खुद्द मॉड्यूलवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर, आले, चुका सुधारण्याची सोय चिपच्या आत गेली, माहितीची ये-जा होते त्या एका चॅनेलचे दोन उपचॅनेल झाले. अशा प्रत्येक बदलावर मेमरी, प्रोसेसर आणि मदरबोर्ड बनवणाऱ्या परस्परस्पर्धी कंपन्यांचे एकमत व्हावे लागते. घाईने ठरवलेले मानक पुढे दहा वर्षे सर्वांच्या गळ्यात पडण्यापेक्षा दोन वर्षांचा उशीर मी केव्हाही पत्करेन.

विजेची खरी काटकसर एलपीडीडीआर या मोबाइलसाठी जन्मलेल्या शाखेत दिसते. तिच्या सहाव्या पिढीचे मानक जुलै २०२५ मध्ये आले. पण लॅपटॉपमध्ये ही मेमरी सहसा बोर्डावर डाख देऊन बसवलेली असते. प्रोसेसरपासूनचे अंतर कमी राहिल्याने वीज वाचते हे खरे, मात्र घेतलेली आठ जीबी पुढे अपुरी पडली तर ग्राहकाला यंत्रच बदलावे लागते आणि वाचवलेली वीज ई-कचऱ्याच्या रूपाने वसूल होते. स्क्रूने बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या ‘कॅम-२’ मॉड्यूलचे मानक डिसेंबर २०२३ मध्येच तयार झाले आहे. ते वापरणारे लॅपटॉप अजून थोडेच आहेत. तंत्रज्ञानाच्या पानांवर वेगाच्या आकड्यांइतकी जागा या गोष्टीलाही मिळावी, अशी विनंती आहे.

राज्यातील शाळा-महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये संगणक घाऊक खरेदी करतात. निविदेत किती जीबी आणि कोणती डीडीआर एवढेच न विचारता यंत्र रिकामे चालू असताना किती वॅट घेते आणि मेमरी बदलता येते का, ही दोन कलमे घालण्यासाठी कोणत्याही नव्या मानकाची वाट पाहावी लागणार नाही.

आपला,
संगणक अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक, पुणे