शरणपूर ते रबाई : ज्यांच्यामुळे प्रबंध उभा राहिला त्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

प्रबंध जमा झाला, व्हायवाही (तोंडी परीक्षाही) झाली. आभाराच्या पानावर तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही निक्षून सांगितलं होतंत. तिथे घातलं नाही आणि इथेही घेत नाही. पण आफ्रिकेच्या इतिहासावर पीएचडी करू पाहणाऱ्या इथल्या मुलांना तुमच्यासारखं कुणी भेटलं, तर काय होऊ शकतं, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा विषय नाशिकच्या शरणपुरातून केनियातल्या रबाईला गेलेल्या मुक्त आफ्रिकन माणसांचा. तुमच्याकडे येण्याआधी जिथे जिथे हा विषय नेला, तिथे एकच प्रश्न पुढे आला : याला साधनं, म्हणजे मूळ कागदपत्रं, कुठे आहेत? मागून उत्तरही विचारणारेच द्यायचे, सगळं लंडनला आहे, तुम्हाला परवडणार नाही. एका मार्गदर्शकांकडे सिनॉप्सिस महिनोन्‌महिने पडून राहिला आणि परत आला, तेव्हा फक्त शीर्षकाखाली लाल रेघ होती. एका समितीत सल्ला मिळाला, ‘भारत-आफ्रिका संबंध’ असं करून टाका, लगेच मंजूर होईल. हा सल्ला चांगल्या मनानं दिला असेल, पण त्यानं विषयाचा जीव जातो. ‘संबंध’ म्हटलं की मुंबईचे गव्हर्नर येतात, झांझिबारचे कच्छी व्यापारी येतात, मिशनरी येतात. ज्यांच्याबद्दल बोलायचं ती आफ्रिकन माणसं मात्र जहाजावर चढवली-उतरवली जाणारी संख्या होऊन राहतात.

तुम्ही सिनॉप्सिस वाचून पहिला प्रश्न विचारलात, “रबाईच्या लोकांना स्वतःला काय हवं होतं?” दुसरा विचारलात, “स्वाहिली कुठवर आली?”, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भाषा. या दोन प्रश्नांना धरूनच पुढचं सगळं काम झालं.

विषय ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाशिककरांच्या रोजच्या येण्या-जाण्यातला शरणपूर रोड. तिथल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत १८६० च्या दशकात आफ्रिकन मुलं-मुली राहत होती. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जात असताना ब्रिटिश आरमारानं गलबतं पकडली आणि त्यांना मुंबईत उतरवलं. शरणपुरात ती लोहारकाम, सुतारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. त्यांच्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबाईला गेले. १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला आणखी सहाजण गेले. त्यांतला जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आजच्या झांबियातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तांड्यात होता. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा त्या तांड्यातला तो एकटाच तिथे हजर होता. त्याची डायरी टिकून आहे. कॅरस फॅरर या त्याच्या सोबत्याचं निवेदनही आहे. म्हणजे गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन माणसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर आहे. ‘साधनं कुठे आहेत’ असं विचारणाऱ्यांनी निदान एवढं तरी शोधायला हवं होतं.

आणि सगळं लंडनला आहे, हेही खरं नाही. सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहेत. पश्चिम भारताची मालिका ‘सी आय ३’, पूर्व आफ्रिकेची ‘सी ए ५’, १८८० नंतर तीच ‘जी ३ ए ५’. एकच माणूस नाशिकमध्ये असतो तेव्हा एका मालिकेत आणि रबाईला गेला की दुसरीत सापडतो. जो फक्त एक मालिका बघेल, त्याला ही माणसं एकतर अचानक उगवलेली किंवा अचानक नाहीशी झालेली दिसतील. १८७३ पर्यंतचा झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीशी झालेला पत्रव्यवहार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात, पोलिटिकल डिपार्टमेंटच्या खंडांतही सापडतो. वकिलातीकडची बाजू झांझिबारच्या अभिलेखागारात किलिमानीला ‘एए’ मालिकेत. या तिन्ही ठिकाणचे कागद एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय एकही तारीख प्रबंधात घालायची नाही, हा तुमचा दंडक.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे, ती सांगते.

एल्फिन्स्टनच्या वाचनकक्षात तुम्ही शेजारी बसला होतात. झांझिबारहून आलेलं एक पत्र समोर होतं, निळसर कागद, कडा इतक्या ठिसूळ की बोट लागलं तरी तुकडा पडावा. पत्र वाचून झालं होतं, टिपणही झालं होतं, खंडाचं पुढचं पान उलटायचं होतं. तुम्ही हात मध्ये घातलात. कागदाखाली एक कोरा जाड कागद सरकवलात, डाव्या तळव्याचा आधार दिलात आणि पत्र हळूच पालथं केलंत. मागे घडीच्या चौथ्या भागात चार आडव्या ओळी होत्या, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताच्या. पत्र मुंबईला कधी पोचलं, कोणत्या टेबलावर गेलं, काय करायचं ठरलं आणि दुसऱ्या एका खंडाचा क्रमांक. तुम्ही एवढंच म्हणालात, “ही बाजू बघायची.” आणि परत तुमच्या कामाला लागलात.

त्या क्रमांकाच्या खंडात माणसांची नावनिशीवार यादी होती. पत्रात ‘मुक्त केलेले आफ्रिकन’ एवढंच होतं, यादीत नावं होती. पत्र लिहिणारा स्वतःला जे सांगायचं आहे ते पुढच्या बाजूला लिहितो आणि सरकारनं त्याचं प्रत्यक्षात काय केलं, ते मागच्या बाजूला असतं. मायक्रोफिल्ममध्ये, छापील निवडक कागदपत्रांत ही मागची बाजू बहुतेक वेळा गाळलेलीच असते. प्रबंधाचं दुसरं प्रकरण पूर्णपणे पत्रांच्या पाठीवर उभं आहे. ज्यांनी इतकी वर्षं ‘साधन नाही’ म्हणून दारं लावली, त्यांच्यापैकी एकानंही एखादा कागद उलटवून पाहायला सांगितलं नव्हतं.

तुम्ही ओरडून शिकवलं नाहीत, की व्याख्यानही दिलं नाहीत. शेजारी बसून हात पुढे केलात. मोठ्या माणसांचा चांगुलपणा मला असाच दिसला आहे. झांझिबारच्या वाचनकक्षात फायली काढून देणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी कॅटलॉगमध्ये नसलेला एक गठ्ठा स्वतःहून टेबलावर आणून ठेवला आणि नाव विचारलं तर हसून निघून गेले. रबाईत एका आजींनी मुलाखतीच्या आधी जेवायला बसवलं. आपल्याकडे विद्यापीठांत पदं पुष्कळ आहेत, पण समोरच्याचं काम आपलंच समजून त्यावर पाच मिनिटं खर्च करणारी माणसं फार थोडी. ती भेटली की बाकीच्यांनी दिलेला त्रास पचवता येतो.

तुम्ही शिकवलेल्या आणखी काही गोष्टी इथे लिहून ठेवते, कारण त्या कुठल्याच कोर्सवर्कमध्ये सांगत नाहीत.

नावं जुळवण्याची गोष्ट सगळ्यांत अवघड. बाप्तिस्म्यानंतर मुलांना आश्रयदात्या इंग्रज कुटुंबांची आडनावं मिळत. १८७२ च्या सहाजणांत दोन वेनराइट आणि दोन रटन आहेत. आडनाव एक म्हणून ते भाऊ, असं धरायचं नाही, आणि भाऊ नसतील असंही धरायचं नाही, पुरावा मागायचा. नाशिकचं स्पेलिंगच तीन-चार तऱ्हांनी येतं, तिथे माणसांच्या नावांची काय कथा. म्हणून प्रत्येक माणसाचं एक कार्ड. त्यावर नाव जसं लिहिलंय तसं, अक्षरही न बदलता. खाली तारीख, मालिका आणि खंड, लिहिणारा कोण, कशासाठी लिहितोय. आपला निष्कर्ष कार्डाच्या मागच्या बाजूला आणि तोही पेन्सिलीनं. यादीत ‘याओ’, ‘न्यासा’, ‘माकुआ’ अशी जात किंवा टोळी लिहिलेली असते. तीही जशीच्या तशी जन्मओळख मानायची नाही. न्यासा (आजच्या मलावी) सरोवराच्या बाजूनं आणलेल्या अनेक वेगवेगळ्या लोकांना किनाऱ्यावर सरसकट ‘न्यासा’ म्हणत. मुलांचं मूळ गाव शोधायला बसलेला बराच अभ्यास नेमका इथे फसतो.

आकड्यांचंही तसंच. झांझिबारच्या हिशेबात ‘डॉलर’ म्हणजे मारिया थेरेसा डॉलर हे चांदीचं नाणं, आणि एका डॉलरला दोन रुपयांहून थोडं अधिक. मुंबईच्या कागदात तोच खर्च रुपयांत असतो. दर न पाहता दोन्ही रकमा एका तक्त्यात टाकल्या, तर खर्च एका वर्षात दुप्पट झाल्यासारखा दिसतो. हस्तिदंत आणि लवंगांचं वजन ‘फ्रासिला’त, सुमारे पस्तीस पौंडांचं. किनाऱ्यावरच्या अरबी लिपीतल्या पत्रांवर हिजरी तारीख असते आणि त्या पंचांगात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळी लिहिलेलं पत्र आपल्या तारखेनं एक दिवस आधीचं निघतं. तक्त्यावरून तारीख बदलून घेतली आणि प्रहर पाहिला नाही, तर उत्तर पत्राच्या आधी पोचल्यासारखं वाटतं.

मौखिक साधनांबद्दल तुम्ही फार कडक होतात आणि ते बरोबरच होतं. मुलाखतीत “काय झालं?” आधी विचारायचं नाही. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” हे आधी. आजीनं सांगितलं, शाळेत वाचलं, की चर्चमध्ये ऐकलं, हे टेपवर आलंच पाहिजे. चारजण एकत्र बसवले तर सगळ्यांत वडीलधाऱ्याचं म्हणणं बाकीचे उचलतात, म्हणून आधी एकेकट्याशी बोलायचं आणि मग सगळ्यांशी. वंशावळीत मधल्या पिढ्या गळतात. पाच नावं सांगितली म्हणून पाचच पिढ्या झाल्या, असं नाही. छापील मजकूर आठवणींत शिरतो, हा सर्वांत मोठा धोका. रबाईत तिथलं मिशन सुरू करणाऱ्या क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याच्या स्मरणार्थ वस्तुसंग्रहालय आहे, आणि फलकावरचं वाक्य आणि घरातली आठवण यांचे शब्द तंतोतंत जुळले, तर तो पुरावा एकच धरायचा. कालगणनेला दुष्काळ कामी येतात. १८८४ च्या सुमाराच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, एवढं विचारलं तरी बऱ्याच घटना जागेवर बसतात.

संशोधनाच्या परवान्यांचं फार लिहीत नाही. केनियात तो नाकोस्टी ही सरकारी संस्था देते, टांझानियात कॉस्टेक, झांझिबारचा वेगळा. प्रवासाच्या तिकिटाआधी परवाना, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

बाई, तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. विल्यम जोन्स रबाईत कारभार पाहत होता, तेव्हा किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेल्या माणसांना तिथे आसरा मिळत राहिला. मालक चिडले, मिशनच्या वरिष्ठांनाही ते सोसवेना. कागदोपत्री ही ‘शिस्तीची अडचण’ आहे. शरणपुरात वाढलेल्या माणसाच्या बाजूनं वाचलं, तर तो ठरवून केलेला निर्णय आहे. १ जानेवारी १८८९ ला रबाई आणि आसपासच्या मिशनांतल्या चौदाशेहून अधिक लोकांना सुटकेचे कागद मिळाले आणि इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या पुढाकारानं मालकांना भरपाई मिळाली. श्रेय बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मॅकेंझीला जातं. ती माणसं तोवर तिथे टिकली होती म्हणून कागद देता आले, आणि ती टिकली ती जोन्ससारख्यांमुळे. तज्ज्ञांनी व्हायवामध्ये सगळ्यांत जास्त वेळ याच प्रकरणाला दिला. ‘भारत-आफ्रिका संबंध’ केलं असतं, तर हे प्रकरणच झालं नसतं.

एक विनंती आहे. सावंतवाडीची एक मुलगी मोझांबिकवर काम करू इच्छिते. १७५२ पर्यंत तिथला कारभार गोव्यातून चालायचा, त्यामुळे पणजीच्या अभिलेखागारात तिला पुष्कळ मिळेल. पोर्तुगीज शिकायला तिनं सुरुवात केली आहे, जुनं हस्ताक्षर अजून लागत नाही. तिलाही दोन ठिकाणी ‘साधनं कुठे आहेत’ असं ऐकवून झालं आहे. तुमचा फोन नंबर मी तिला दिला आहे. रविवारी सकाळी दहानंतर करायला सांगितलंय. घेतलात तर फार बरं होईल.

आपली,
एक विद्यार्थिनी