पावसाळी मुक्कामाच्या यादीत कोरडा जोड कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाने जोर धरला की कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगडच्या मुक्कामी ट्रेकच्या जाहिराती येऊ लागतात. सोबत काय आणावे याची यादीही ठरलेली असते : रेनकोट, टॉर्च, दोन लिटर पाणी, कपड्यांचा एक जोड. हा जोड सॅकमध्ये कसा ठेवायचा, कधी घालायचा आणि कधी घालायचा नाही, हे त्यात नसते. मुक्कामाची रात्र सुखाची जाणार की जिवावर बेतणार, हे बरेचदा त्यावरच ठरते, म्हणून हे पत्र.

हायपोथर्मिया, म्हणजे शरीर आतून धोकादायक गार पडणे, हा शब्द निघाला की बर्फ डोळ्यांसमोर येतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर वादळात अडकून ९ ट्रेकर दगावले, तेव्हाही आपल्याकडे ‘हिमालयात असे होतेच’ म्हणून विषय संपला. पण शरीराचे आतले तापमान ३७ वरून ३५ अंशांखाली जायला बर्फ लागत नाही. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. कोकणात २५ अंश असतील तेव्हा कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर १५-१६ अंशच असतात. कोरड्या अंगाला ते सुखाचे वाटतात. अंग भिजलेले असेल तर हिशेब बदलतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेते. शिवाय अंगावरच्या कपड्यांतले एक लिटर पाणी वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एका भरपेट जेवणाएवढी ही उष्णता, आणि तिचा मोठा वाटा शरीरालाच द्यावा लागतो. वारा सुटला की हा खर्च आणखी झपाट्याने होतो. जीन्स आणि सुती टी-शर्ट पाणी धरून ठेवतात आणि अंगाला चिकटतात, म्हणून पावसाळी ट्रेकला ते नकोतच. धनगर पावसात घोंगडीची खोळ घेतात, कारण लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. आपल्याला घोंगडी वाहून नेणे जमणार नाही, पण पॉलिएस्टरचा टी-शर्ट, फ्लीसचे जाकीट आणि लोकरीचे मोजे जमतात.

धोका चालताना कमी असतो, थांबल्यावर वाढतो. चढावर स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, त्यामुळे भिजूनही गार वाटत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांपाशी शनिवार-रविवारी रांग लागते. माणूस घामाने आणि पावसाने चिंब, त्यात अर्धा-पाऊण तास डोंगराच्या उघड्या धारेवर उभा, आणि पोटात पहाटेचे पोहे. स्नायूंची भट्टी बंद पडलेली आणि वारा मात्र चालूच. हुडहुडी इथे सुरू होते. म्हणून थांबण्याच्या आधी, अंग गरम असतानाच, वर विंडचीटर चढवावा, कानटोपी घालावी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा चिक्की खावी. काकडायला लागल्यावर सॅक उघडली तर बोटे चेन ओढत नाहीत आणि उघड्या सॅकमध्ये पाऊस शिरतो. चाळीस जणांचा गट नेणाऱ्यांनी रांग दिसताच सर्वांना मागेच आडोशाला थांबवावे आणि पाच-पाच जणांना पुढे सोडावे.

आता तो कोरडा जोड. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नये. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, तिथून पाणी पट्ट्यांवरून आत झिरपते आणि कव्हरच्या तळाशी साचते. सॅकच्या आत, तिच्यापेक्षा थोडी मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी. कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशव्या पहिल्याच दिवशी फाटतात. सामान भरल्यावर हवा काढून तोंडाला पीळ द्यावा, पीळ दुमडून वर जाड रबर बांधावे. नुसती गाठ मारली तर पाणी शिरते. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे या पिशवीत आणखी एकेका वेगळ्या पिशवीत जावेत. रात्रीच्या जोडात एक थर्मल किंवा पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टर टी-शर्ट, लांब पँट, फ्लीस, लोकरीचे मोजे आणि माकडटोपी. हा जोड फक्त तंबूत किंवा गुहेत, अंग पुसून झाल्यावर घालायचा. सकाळी तो काढून पुन्हा पिशवीत बंद करायचा आणि कालचेच ओले कपडे अंगावर चढवायचे. जिवावर येते, पण ती पाच मिनिटे सोसलीच पाहिजेत. कोरडे कपडे घालून सकाळी पावसात निघालेल्याकडे दुपारी काहीच कोरडे उरत नाही, आणि उतरताना पाय मुरगळला तर बसून राहायला अंगावर घालण्यासारखे काही नसते.

रेनकोट घरीच तपासावा. तो घालून दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहिले की खांद्याची शिवण गळते का ते कळते. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घ्यायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट, गावात चालतो, धारेवर मात्र वाऱ्याने डोक्यावर येतो.

भाड्याने मिळणारे बरेच डोम तंबू टोपीसारखे छोटे वरचे कापड असलेले असतात. आडव्या पावसात ते गळतात. बाहेरचे कापड जमिनीपर्यंत येणारा तंबू घ्यावा. खाली अंथरलेले प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा तसूभरही बाहेर दिसू नये. दिसले तर त्यावर पडलेला पाऊस तळाखाली जातो आणि मध्यरात्री अंथरूण भिजते. अनेक तंबू ‘गळतात’ ते असे. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे आणि वरची झडप थोडी उघडी असावी, नाहीतर श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमून टपकते. खाली किमान ८ मिलिमीटरची पाणी न शोषणाऱ्या, बंद पेशींच्या फोमची कॅरीमॅट हवी. स्पंजची गादी पाणी पिते. गुहेच्या ओल्या कातळावर दोन मॅट एकावर एक टाकाव्यात. आणि कितीही गारठा असला तरी बंद तंबूत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

लक्षणे ओळखण्यात सोबती चुकतात. जोरदार हुडहुडी ही पहिली पायरी. मग बोटे ऐकत नाहीत : अंगठा करंगळीला लावायला सांगावे, बुटाची नाडी बांधायला सांगावी. पाय अडखळतात, बोलणे जड होते, माणूस चिडतो किंवा गप्प होतो, ‘मला काही झालेले नाही, मला इथेच बसू द्या’ म्हणतो. सोबती समजतात की दमला आहे, आणि ‘तू बस, आम्ही माथ्यावर जाऊन येतो’ म्हणून निघून जातात. असे कधीही करू नये. ऊब न मिळताच हुडहुडी थांबली, तर ते बरे होण्याचे नव्हे, प्रकृती ढासळल्याचे चिन्ह आहे.

उपचार साधे आहेत, पण क्रम महत्त्वाचा. आधी वाऱ्यापासून आडोसा, मग अंगाखाली मॅट किंवा सॅक. आडोसा आणि कोरडे कपडे दोन्ही असतील तरच ओले कपडे काढावेत. नसतील तर ओल्या कपड्यांवरूनच प्लास्टिक गुंडाळावे, त्यावर स्लीपिंग बॅग आणि सर्वात बाहेर पुन्हा ताडपत्री, अशी डोक्यापासून पायापर्यंत सुरळी करावी. चेहरा मोकळा ठेवावा. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून काखेत आणि छातीशी ठेवाव्यात. हातपाय चोळू नयेत, शेकोटीजवळ नेऊ नये. दारूचा घोट तर नकोच : तिने कातडीकडचे रक्त वाढून माणसाला गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर भरपूर साखरेचा कोमट चहा द्यावा आणि किमान अर्धा तास चालवू नये. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीत असेल तर आडवाच ठेवावा, हलवताना धसके बसू देऊ नयेत, कारण अशा गार हृदयाचे ठोके धक्क्यानेही बिघडतात. अशा वेळी ताबडतोब १०८ किंवा ११२ वर मदत मागवावी. नाडी फार मंद असते, म्हणून श्वास पूर्ण मिनिटभर तपासावा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. अंग गार लागते एवढ्यावरून माणूस गेला असे ठरवू नये.

आयोजकांनी दर पंधरा जणांमागे १० बाय १२ फुटांची एक ताडपत्री, एक जादा कोरडी स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि लिटरभर चहाचा थर्मास न्यावा. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात प्रत्येकाची सॅक उघडून कोरडा जोड पिशवीत बंद आहे का, हे पाहावे. नसेल त्याला मुक्कामाला नेऊ नये, पैसे भरलेले असले तरीही. आपल्याला विनंती एवढीच की पावसाळी भटकंतीच्या पुरवण्यांत धबधब्यांची छायाचित्रे छापाल तेव्हा शेजारी रात्रीच्या जोडाची आणि लक्षणांची चौकटही छापावी.

आपले,
सह्याद्रीत पदभ्रमण गट नेणारे काही प्रशिक्षक, नाशिक