एज्राच्या तराजूबद्दल आभार

आदरणीय बाई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

पंच कमिटीतल्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळातल्या) नव्या सभासदांसाठी तुम्ही घेतलेल्या शास्त्राभ्यासाबद्दल हे जाहीर आभार. पुढारीपणाचा विषय निघाला की मत्तयाचा 20 वा अध्याय उघडतो, 'मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे' म्हणून सगळे माना डोलावतात, आणि दानपेटीची किल्ली होती त्याच्याच खिशात राहते. तुम्ही सुरुवातच बायबलातल्या एज्रा 8 पासून केलीत. नावांची यादी समजून एरवी हा अध्याय कोणी वाचत नाही.

यरुशलेमेच्या मंदिरासाठी एज्राकडे सोपवलेले साडेसहाशे किक्कार (जुने वजन) रुपे, शंभर किक्कार सोने, वर भांडी. किक्कार 30 किलोंचा धरला तरी नुसते रुपेच 20 टनांच्या आसपास जाते. बाबेलहून यरुशलेमेपर्यंत चार महिन्यांची वाट, सोबत लष्कर नाही. एज्रा याजक आणि शास्त्री, राजाचे फरमान त्याच्याच नावाचे. त्याच्या शब्दावर कोण संशय घेणार? तरीही त्याने अहवा नदीकाठी सगळे तोलून बारा प्रमुख याजकांच्या स्वाधीन केले. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात पुन्हा तोल झाला, घ्यायला दोन याजक आणि दोन लेवी (मंदिराचे सेवक) होते, आणि वजनाची नोंद तिथल्या तिथे झाली. पौलानेही यरुशलेमेसाठी वर्गणी गोळा करताना तीताबरोबर आणखी दोन भाऊ दिले, कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8).

यावरून तुम्ही बसवून दिलेली पद्धत इतर मंडळ्यांनाही उपयोगी पडावी. उपासना संपताच मोजणी, तीही व्हेस्ट्रीतच (चर्चच्या आतल्या खोलीतच). पेटी घरी न्यायची नाही. मोजणारे दोघे, पण एका घरातले नकोत. नोटा आणि नाणी वेगळी, पाकिटातली रक्कम पाकिटावरच्या आकड्याशी ताडलेली. वहीत रक्कम अंकी आणि अक्षरी, दोघांच्या सह्या. आकडा चुकला तर खोडायचा नाही, आडवी रेघ मारून शेजारी योग्य आकडा आणि पुन्हा सह्या. सोमवारी बँकेत भरणा, आणि त्याची पावती त्याच पानाला. घोटाळा बहुधा चोरीने सुरू होत नाही, हे तुम्ही नेमके दाखवलेत. तो सुरू होतो पेटीतल्या रोख रकमेतून परस्पर विजेचे बिल किंवा गाडीभाडे दिल्याने. खर्च खरा असतो, पण वही आणि बँक यांचा मेळ बसत नाही, आणि पुढच्या खेपेला खोट्या खर्चालाही तीच सबब चालते. म्हणून आधी सगळाच्या सगळा भरणा, मग व्हाउचरवर खर्च.

'माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका' हे वचन हिशेब विचारणाऱ्याच्या तोंडावर फेकले जाते. स्तोत्र 105 मध्ये ते परक्या मुलखात फिरणाऱ्या मूठभर लोकांच्या रक्षणासाठी आहे आणि दम दिला आहे तो राजांना! दावीदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, पण झग्याचा कापलेला काठ हातात धरून सगळ्यांदेखत जाब विचारलाच. शमुवेल संदेष्टा तर म्हातारपणी स्वतःच लोकांपुढे उभा राहिला: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली, सांगा.

1 तीमथ्य 5 चेही तेच. 19 वी ओवी सगळ्यांना पाठ: मंडळीच्या वडिलांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून घेऊ नये. तक्रार दाबायला ती सोयीची पडते. पुढच्याच ओवीत पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमक्ष दोष द्यायला सांगितले आहे आणि त्यापुढे पक्षपाताची मनाई आहे. तिन्ही एका दमात वाचायच्या. आणि गुन्हा असेल तर तो कमिटीपुढचा विषयच नव्हे. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानुसार पोलिसांना द्यावीच लागते, आधी 'एकांतात समजावून' पाहायचे नसते.

यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्याबद्दल तुम्ही मोजकेच बोललात, पण ते फार कामाचे होते. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि 40 शेकेल (जुने वजन) रुपे उकळत, त्यांचे चाकरही लोकांवर धनीपणा करत. नहेम्याने 12 वर्षे सुभेदारीचा भत्ता घेतला नाही. हक्क सोडला तो त्याने स्वतःचा, दुसऱ्याचा नव्हे. तेव्हा पाळकांचा पगार थकवताना नहेम्याचा दाखला देऊ नये. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हे त्याच 1 तीमथ्य 5 मध्ये आहे. हे ऐकताना दोघे-तिघे खाली बघत होते.

तुमच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती व्हेस्ट्रीत ठेवल्या आहेत; निवडणुकीचा अर्ज भरणाऱ्याला अर्जासोबतच एक प्रत मिळेल. 3 योहानातला, मंडळीत मोठेपणा मिरवणारा दियत्रफेस तेवढा राहिला. पावसाळ्यानंतर जमल्यास तोही घ्यावा.

आपली नम्र,
पंच कमिटी