'सर्व्हर डाऊन' म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सर्व्हर डाऊन, ग्राहक ताटकळले' ही बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते आणि तेवढ्यावरच संपते. मी १४ वर्षं सहकारी पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळते. त्या दोन शब्दांच्या आत काय असतं ते वाचकांना, आणि विशेषतः संस्थांच्या संचालकांना कळावं, म्हणून लिहिते आहे.

हल्ली लहान संस्थेतसुद्धा एकाच यंत्रावर पाच-सहा आभासी सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभी केलेली वेगवेगळी 'मशिनं' चालतात. खर्च वाचतो, पण डिस्क सगळ्यांची एकच असते. गेल्या मार्चअखेरीला, ऐन गर्दीत, आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मुख्य डेटाबेसचं मशीन थिजलं. बाकीची मशिनं सुरू होती. काउंटरसमोर रांग, पिग्मी एजंट पैसे घेऊन उभे, आणि व्यवस्थापक माझ्या खुर्चीमागे: "मॅडम, बंद करून चालू करा ना एकदा!"

मी केलं नाही. स्क्रीनवर व्हीएमवेअरचा, म्हणजे ही आभासी मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न आला होता: डिस्कवर जागा उरली नाही, जागा करून पुन्हा प्रयत्न करता की रद्द करता? 'रद्द' म्हटलं असतं तर मशीन तिथल्या तिथं बंद झालं असतं, अर्धवट नोंदींसकट. डिस्क उघडून पाहिली. ६०० जीबीच्या मूळ फाइलशेजारी ४१० जीबीची आणखी एक फाइल, सुरुवात ऑगस्टमधली. सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलानं अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट घेतला होता आणि काम झाल्यावर तो काढायचा राहून गेला होता.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, असा समज फार पसरलेला आहे. स्नॅपशॉट घेतला की मूळ वही मिटून ठेवली जाते आणि पुढचं सगळं सुट्या कागदांवर लिहिलं जातं. वही जळाली तर ते कागद निरुपयोगी, आणि कागद फाडले तर तेवढ्या दिवसांचे व्यवहार गेले. व्हीएमवेअरच सांगतं की स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. इथं आठ महिने झाले होते. संस्थेतला एक होतकरू कर्मचारी ती 'फालतू' फाइल डिलीट करायला निघाला होता. त्याचा हात धरला तेव्हा माझ्याच हाताला कंप सुटला होता.

मग एक चाचणीचं मशीन बंद केलं. चालू मशीन आपल्या रॅमएवढी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची राखीव जागा) डिस्कवर अडवून बसतं, ते बंद केलं की ती जागा सुटते. १६ जीबी मोकळे झाले. 'पुन्हा प्रयत्न' दाबलं आणि डेटाबेस थांबला होता तिथूनच पुढे चालू लागला. स्नॅपशॉट मूळ फाइलमध्ये विलीन करायला रात्री घेतला, कारण ते चालू असतानाही नव्या नोंदींना जागा लागते आणि रात्री नोंदी कमी. मूळ फाइलची ६०० जीबी जागा आधीच पूर्ण राखलेली होती, विलीन होताना ती वाढणार नव्हती, म्हणून एवढ्यात भागलं. पहाटे पाचला काम संपलं, तोवर मी तिथंच होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीनं व्हीएमवेअर घेतलं, कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं, आणि अनेक जण आता प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळत आहेत. जरूर वळावं. पण न काढलेला स्नॅपशॉट तिथंही जागा खातोच.

संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मशीन अडलं की माणसाला दहा मिनिटं पाहू द्या. रीस्टार्टची घाई करून कारण पुसलं जातं आणि तोच बिघाड पुन्हा येतो. आणि बातमीदारांनी एक प्रश्न जरूर विचारावा: डिस्क किती भरली होती आणि शेवटचं कोणी पाहिलं होतं?

त्या संस्थेत आता एक साधी वही ठेवली आहे. स्नॅपशॉट कोणी घेतला, कधी, कशासाठी, काढला कधी. शेवटचा रकाना कोरा असेल तर सॉफ्टवेअर कंपनीचं बिल मंजूर होत नाही.

आपली,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, कराड