तोकडी शिक्षा आणि साठ दिवसांची मुदत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती मोबाईलवरून फिरवणाऱ्याला दंड आणि ‘कोठडीत काढले तेवढे दिवस’ एवढ्यावर सोडले, की समाजमाध्यमांवर न्यायाधीशांना बोल लावले जातात. त्याने शिक्षा वाढत नाही. ती वाढते अपिलात, आणि शिक्षा अपुरी म्हणून अपील करण्याचा अधिकार आहे सरकारला (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४१८). पालकांना कलम ४१३ खाली आरोपीची सुटका, सौम्य कलमाखालील दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई यांविरुद्ध अपील करता येते. शिक्षेच्या मोजमापाविरुद्ध नाही. त्यांच्या हाती उरते ते उच्च न्यायालयातील पुनरीक्षण, म्हणजे खालच्या निकालाची फेरतपासणी, मुदत ९० दिवस.

नाशिकच्या विशेष पोक्सो (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण कायदा) न्यायालयाच्या निकालावरचे सरकारी अपील मुंबई उच्च न्यायालयात ६० दिवसांत दाखल व्हावे लागते. सरकारी वकिलांचे मत, विधी व न्याय विभागाची मंजुरी, यातच दिवस सरतात आणि मग विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. निकालाच्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्यावा. प्रत मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात; अर्ज करायला आपण लावलेले दिवस मात्र मोजले जातात.

पण बहुतेक वेळा घोळ आधीच, दोषारोपपत्रात झालेला असतो. पोक्सोच्या कलम १५(१) खाली, म्हणजे पुढे पाठवण्याच्या इराद्याने साठवणे आणि नष्ट न करणे, यासाठी पहिल्या गुन्ह्याला किमान ५,००० रुपये दंड आहे, कैद नाहीच. १५(२) खाली, प्रसारासाठी बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धंद्यासाठी बाळगल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन ते पाच वर्षे कैद, दंड किंवा दोन्ही. मुलाला वापरून चित्रण केले असेल तर कलम १४, किमान पाच वर्षे. तिथे न्यायालयालाही खाली उतरता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब तर नुसत्या डाउनलोडलाही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगते, आणि पोक्सोचे कलम ४२ म्हणते की दोन्हींपैकी जी शिक्षा जास्त ती द्यावी. तपासात ६७ब लावायचेच राहिले, तर १५(१) चा आरोपी दंड भरून घरी जातो. मग उच्च न्यायालय तरी काय वाढवणार?

फाइल कोणाला, कधी गेली, ग्रुपमध्ये किती जण होते, पैसे आले का, हे खटल्यातच नोंदवायला हवे. हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा) आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र दोन्ही भागांसह लागते. तज्ज्ञाने भरायचा भाग राहून गेला की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. शिक्षेवरच्या सुनावणीत ‘पहिलाच गुन्हा, घरचा कर्ता’ हे आरोपीकडून हमखास येते. त्याला सरकारी वकिलांचे लेखी उत्तर हवे. हेही ध्यानात ठेवावे की शिक्षावाढीच्या अपिलात आरोपीलाही निर्दोषत्व मागता येते. कच्च्या पुराव्यावर अपील उलटू शकते.

इंग्लंडमध्ये ठरावीक गंभीर गुन्ह्यांत कोणीही नागरिक ॲटर्नी जनरलकडे शिक्षा तपासण्याची विनंती करू शकतो. आपल्याकडे तेवढे नसले तरी अपील करणार की नाही, हे सरकारी वकिलांनी १५ दिवसांत कारणांसह कुटुंबाला लेखी कळवावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

आणि पुरावा म्हणून अशी चित्रे कोणीही आपल्या ग्रुपवर टाकू नयेत. फोन थेट सायबर पोलिसांकडे द्यावा.

— बाल लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत काम करणारे काही वकील, नाशिक