लेबलवर माउस नेला की मजकूर हलू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पतसंस्था, वाचनालये आणि दवाखाने यांना लागणारी डेस्कटॉप सॉफ्टवेअर आता इथलेच तरुण तयार करू लागले आहेत, याचा मला संगणकाचा शिक्षक म्हणून मनापासून आनंद आहे. मात्र विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना आणि काउंटरवर ही सॉफ्टवेअर वापरात असलेली पाहताना एक दोष वारंवार नजरेस येतो, आणि मराठी व कन्नड मजकूर एकाच पडद्यावर वापरणाऱ्या आपल्या सीमाभागात तो अधिक त्रासदायक ठरतो. लेबलवर, म्हणजे पडद्यावरच्या नाव सांगणाऱ्या छोट्या मजकुरावर, माउसचा पॉइंटर नेला की त्याचे रूप बदलावे, एवढीच मूळ अपेक्षा असते. प्रत्यक्षात मजकूर जागचा हलतो, अक्षरांची मोडतोड होते किंवा शेजारचा रकाना सरकतो.

रूप बदलण्याचे काम तसे अवघड नाही. पडदे तयार करण्याची निरनिराळी साधने आहेत. पायथन भाषेच्या टीकेइंटर या साधनात लेबलला 'एंटर' आणि 'लीव्ह' (पॉइंटर बाहेर जाणे) या दोन घटना जोडाव्या लागतात. (इथे 'एंटर' म्हणजे पॉइंटर आत येणे, कीबोर्डवरच्या एंटर कळीसाठी 'रिटर्न' ही निराळी घटना आहे आणि नवखी मुले इथे हमखास गोंधळतात.) क्यूटी या साधनात स्टाइलशीटमधला, म्हणजे रूपाच्या नियमांच्या यादीतला, 'होव्हर'चा (पॉइंटर वर असतानाचा) एक नियम बहुधा पुरतो. जावा भाषेच्या स्विंगमध्ये पॉइंटर आत येण्याची व बाहेर जाण्याची अशा दोन मेथड (आज्ञांचे गट) लिहाव्या लागतात. पण तिथले लेबल मुळात पारदर्शक असल्यामुळे, ते अपारदर्शक केल्याशिवाय पार्श्वभूमीचा रंग कितीही वेळा बदलला तरी दिसत नाही. विंडोजसाठीच्या डब्ल्यूपीएफमध्ये मजकुराचा रंग थेट त्या लेबलवर लिहून ठेवला असेल, तर स्टाइलमधला ट्रिगर (पॉइंटर आल्यावर रूप बदलणारा नियम) त्याच्यापुढे चालत नाही, म्हणून मूळ रंगही स्टाइलमध्येच लिहावा लागतो.

खरी अडचण रूप कोणते निवडले यात आहे. बहुतेक जण पॉइंटर येताच अक्षरे ठळक करतात. ठळक अक्षरे सहसा अधिक रुंद असतात. त्यामुळे 'मुदत ठेव खाते' हे लेबल फुगते आणि मांडणी आपोआप जुळवणाऱ्या पडद्यावर त्याच्या उजवीकडचे सगळे ढकलले जाते. मजकूर मधोमध जुळवलेला असेल तर तो दोन्ही बाजूंना पसरतो. रूप बदलताना लेबल पॉइंटरखालून निसटले, तर 'लीव्ह' घडते, लेबल पूर्ववत होते, पुन्हा 'एंटर' घडते आणि मजकूर सतत लुकलुकत राहतो. दिवसभर त्या पडद्यासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांचा विचार कोणी तरी करायला हवा. ठळकपणा हवाच असेल, तर ठळक मजकुराची रुंदी आधी मोजून तेवढी जागा राखून ठेवावी. माझ्या मते मात्र केवळ रंग बदलणे केव्हाही बरे, फक्त नवा रंग पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसला पाहिजे.

अधोरेखनाने रुंदी बदलत नाही, म्हणून इंग्रजी लेबलांसाठी ते सोयीचे असते. देवनागरीत मात्र 'मुदत'मधला उकार आणि 'कृषी'मधला ऋकार अक्षराच्या खालीच असतात आणि ती रेघ नेमकी त्यांना छेदून जाते. कन्नडमध्ये जोडाक्षराचे ओत्तक्षर (जोडलेले दुसरे व्यंजन) खाली लिहिले जात असल्यामुळे तिथेही हीच गत होते. उपाय सोपा आहे: लेबलला खालच्या बाजूस थोडी जागा सोडून एक पिक्सेलची कडा कायम ठेवावी, एरवी ती पारदर्शक असावी आणि पॉइंटर आला की तिला रंग द्यावा. कडा आधीपासूनच असल्यामुळे काहीही हलत नाही आणि अक्षरेही शाबूत राहतात.

आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. ज्या लेबलवर क्लिक करून काहीच घडत नाही, त्याचा रंग बदलणे म्हणजे वापरणाऱ्याची दिशाभूल करणे होय. आणि क्लिक करून काही घडणार असेल, तर ते काम लेबलकडे देऊच नये, कारण साधे लेबल टॅब कळीने निवडता येत नाही आणि भराभर नोंदी करणारे कर्मचारी माउसला क्वचितच हात लावतात. अशा ठिकाणी कडा काढून टाकलेले बटण किंवा विंडोज फॉर्म्स या साधनातले लिंकलेबल (दुव्यासारखे क्लिक करता येणारे लेबल) वापरावे, आणि पॉइंटर आल्यावर जे रूप दिसते तेच कळीने निवडल्यावरही दिसावे. टचस्क्रीनवर बोट टेकण्यापूर्वी पॉइंटर येण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून महत्त्वाची माहिती केवळ या बदलावर कधीही अवलंबून ठेवू नये.

आपल्या भागातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये हा भाग बहुधा इंग्रजी लेबलांवरच शिकवला जातो, त्यामुळे वरील दोष परीक्षेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाहीत. प्रात्यक्षिकाचे गुण देण्यापूर्वी तोच पडदा उकार असलेल्या मराठी आणि ओत्तक्षरे असलेल्या कन्नड लेबलांसह चालवून पाहावा, अशी माझी सहकारी प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे. विंडोज ८ पासून मिळणाऱ्या निर्मला यूआय या एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या असल्यामुळे त्यासाठी वेगळी जुळवाजुळवही करावी लागणार नाही.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव